दोर धरणारा बोलत नाही

एकदा एक तरुण ख्रिस्ती प्रचारक आपल्या म्हाताऱ्या गुरूकडे एक चिठ्ठी घेऊन गेला. चिठ्ठी चारच ओळींची होती, पण ती लिहायला त्याला तीन आठवडे लागले होते. मंडळीची सेवा यापुढे आपल्याकडून होणार नाही, येत्या रविवारी सर्वांचा निरोप घेतो, असा तिचा मजकूर. आपल्यापैकी पुष्कळांनी अशी चिठ्ठी मनातल्या मनात लिहिलेली असते. द्यायची कुणाकडे हे कळत नाही, म्हणून ती खिशातच राहते. या तरुणाला निदान ते ठाऊक होतं.

त्याचं नाव सिलास; मंडळीतले लोक त्याला मास्तर म्हणत. ज्यांनी त्याला पवित्र शास्त्र शिकवलं ते पाळकबाबा आता ऐंशीला टेकले होते आणि गावाबाहेरच्या जुन्या प्रार्थनामंदिराच्या आवारात एकटेच राहत होते. भर दुपारी सिलास तिथे पोचला तेव्हा बाबा विहिरीच्या काठावर बसून जाडजूड दोर तपासत होते. सिलासने चिठ्ठी पुढे केली.

"काय आहे?" बाबांनी विचारलं.

"बाबा, मी थकलो. प्रार्थना करतो, पण पलीकडे कुणी आहे असं वाटतच नाही. सारजाबाईंची मुलगी आजारी पडली तेव्हा नऊ दिवस उपास करून प्रार्थना केली. पोर गेली. मूठमाती देऊन परतताना त्या माउलीनं मला विचारलं, 'मास्तर, देवानं काय सांगितलं हो?' मी मान खाली घालून निघून आलो. त्याला सात महिने झाले. रविवारी लोकांपुढे उभा राहतो, देव तुमची हाक ऐकतो असं सांगतो, आणि स्वतःची लाज वाटते मला."

बाबांनी चिठ्ठी घेतली, न वाचताच काठावर ठेवली आणि वर एक दगड ठेवला.

"वाचतो. आधी खाली उतर. झरा बुजलाय. पहारीनं मोकळा करायचाय."

सिलासला राग आला. माणूस आयुष्यभराची श्रद्धा सोडायला निघालाय आणि यांना विहिरीची पडली आहे! पण गुरूला नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. बाबांनी दोर त्याच्या कमरेला बांधला. गाठ स्वतः मारली, दोनदा ओढून पाहिली, दोराचा एक वेढा काठच्या चिंचेच्या बुंध्याला दिला आणि उरलेला दोर हातात घेतला. विहिरीच्या भिंतीतून पायऱ्यांसारखे दगड बाहेर काढलेले होते. त्यांवर पाय देत, पाठीला पहार बांधून सिलास उतरू लागला.

पस्तीस हात खाली गुडघाभर पाणी होतं. त्याने अंदाजाने झऱ्याचं तोंड शोधलं, पहार घातली, दगड हलवला. अर्ध्या तासाने गार पाण्याची एक बारीक धार त्याच्या पायावर आली. काम झालं होतं. त्याने दोराला हिसका दिला आणि वर चढायला सुरुवात केली.

निम्म्यावर आला तेव्हा त्याचे हात भरून आले. दगड शेवाळलेले होते. दोर कमरेला काचत होता, श्वास घेऊ देत नव्हता. त्याने मान वर करून हाक मारली, "बाबा, आहात ना?"

उत्तर आलं नाही.

"बाबा!" विहिरीने त्याचाच आवाज त्याला परत दिला. वर आभाळाचा गोल तुकडा दिसत होता आणि त्यात कुणाचंही डोकं नव्हतं. तो पुन्हा ओरडला. मग आणखी एकदा. ऐंशी वर्षांचा माणूस, माथ्यावर चैत्राचं ऊन. भोवळ आली असेल. कदाचित त्याहून वाईट काही झालं असेल आणि दोर नुसताच बुंध्याला अडकून राहिला असेल. तसं असेल तर वर जाऊन त्यांना सावरायला हवं, आणि हा दोर तर पावलोपावली अडवतोय!

त्याने डाव्या हाताने दगड धरला आणि उजवा हात गाठीवर नेला. गाठ ओली होऊन आवळली होती. तो नखांनी ती ओढू लागला. एक पदर सैल झाल्यासारखा वाटला, आणि त्याच क्षणी पायाखालचा दगड निखळला.

पाण्यात दगड पडल्याचा आवाज त्याने ऐकला, पण त्याच्यामागून तो स्वतः पडला नाही. दोराने त्याला असा हिसका दिला की कमरेत कळ गेली. तो अधांतरी लोंबकळत राहिला. दोर थरथरत होता, पण सुटत नव्हता. वरून अजूनही शब्द नव्हता. त्याने धडपडत भिंत गाठली, पायाला दुसरा दगड सापडला. तो वीतभर वर सरकला की दोरही वीतभर वर जाई. या खेपेला त्याने हाक मारली नाही. एका हाताने दोर चाचपत, दुसऱ्या हाताने दगड धरत तो काठावर आला आणि पालथा पडला.

बाबा जमिनीवर बसलेले होते. दोन्ही टाचा काठाच्या दगडांत रोवलेल्या, ओठ घट्ट मिटलेले, आणि तळहात सोलून निघालेले. सिलास पूर्णपणे काठाच्या अलीकडे येईपर्यंत त्यांनी दोर सोडला नाही. सोडला, आणि मग पहिल्यांदा बोलले.

"गाठीला हात का लावलास?"

"घसा फुटेपर्यंत ओरडलो मी!" सिलासचा आवाज रडवेला झाला होता. "एक हूं तरी म्हणायचं होतंत! मला वाटलं तुम्ही गेलात!"

"बाबा रे, आमचं घराणं विहिरी खोदणाऱ्यांचं. दोर धरणाऱ्यानं बोलायचं नाही, हा आमचा नेम. माझा चुलता खाली होता आणि वरच्यानं त्याच्या हाकेला ओ दिली. ओ देताना मान वळली, हात ढिला पडला. चुलता पुढं जन्मभर कुबडीवर चालला. तेव्हापासून खालच्याला शिकवतात, धीर सुटला तर वर बघू नको, कमरेला हात लाव. आपला माणूस दोरात कळतो. हे तुला आधी सांगायला हवं होतं. चुकलं माझं. तू गाठ सोडायला जाशील असं वाटलं नव्हतं. पण दोरातनं कळलं मला, म्हणून पाय रोवून बसलो."

सिलासला बोलण्याचा रोख कळला होता, पण तो इतक्या सहजी मानणार नव्हता. आणि त्याने मानू नये असंच मलाही वाटतं.

"आणि सारजाबाईंची पोर?" त्याने विचारलं. "तिचा दोर कुणी धरला होता?"

सोललेल्या हातांकडे पाहत बाबा म्हणाले, "ते मला ठाऊक नाही. माझे दोन लेक याच आवारात पुरलेत. मीही विचारलं होतं. पन्नास वर्षं झाली, उत्तर आलेलं नाही. ते आल्याचं सोंग मी तुझ्यापुढं करणार नाही. पण एक सांग. पोर गेल्यावर दर गुरुवारी तू त्या घरी जातोस म्हणे. ती बाई प्रार्थनेला बसत नाही, दाराशी नुसती बसून असते. तरी जातोस. प्रार्थनेत काही लाभत नाही, त्या घरात कुणी विचारत नाही. मग जातोस कशाला?"

"न जाणं जमत नाही," सिलास हळूच म्हणाला. "आत काहीतरी ओढतं. त्रास होतो, पण जावं लागतं."

"कंबर दाखव."

सिलासने सदरा वर केला. कमरेभोवती लालभडक वळ उठला होता.

"चढताना हाच दोर तुला काचत होता ना? सुटलेल्या माणसाला दोर काचत नाही, लेकरा. तू सात महिने कण्हतोयस ते याच काचण्यानं. प्रभू बोलत नाही हे मलाही दिसतंय. पण त्यानं सोडलंय असं तुझी कंबर तरी सांगत नाही." त्यांनी दगड बाजूला करून चिठ्ठी उचलली. "आता वाचू?"

सिलासने हात पुढे केला आणि चिठ्ठी परत घेतली. मग तो उठला, घरातून तेल आणून बाबांच्या तळहातांना लावू लागला.

रविवारी त्याने उपासना चालवली. प्रार्थना पूर्वीसारखीच कोरडी गेली, आकाशातून कुणी बोललं नाही. गुरुवारी तो सारजाबाईंच्या घरी गेला. ती उंबऱ्यावर बसली होती. सात महिन्यांत पहिल्यांदाच तिने मान वर केली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला.

"मास्तर, देवानं काही सांगितलं का?"

"नाही," सिलास म्हणाला. "पण मी आलोय."

ती उंबऱ्यावरून बाजूला सरली.

"या मग," ती म्हणाली, "आत बसू."