घरच्या माणसाला शेवटी

"मग मी करायला काय हवं होतं, सर? तुम्हीच सांगा!"

तागडे सर दाराकडे पाहत होते. दारात एक अनोळखी माणूस उभा होता, खांद्याला जड पिशवी, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला.

"या," सर म्हणाले. "उन्हातून आले दिसता."

खोलीत खुर्ची एकच. तिच्यावर अधीक्षक अभियंता प्रसेनजित शंभरकर बसले होते.

"प्रसेन, ऊठ जरा. पाहुण्याले बसू दे."

साहेब उठले. सत्कारासाठी घातलेल्या कडक इस्त्रीच्या कपड्यांसकट खालच्या सतरंजीवर बसले. गुडघे कुरकुरले. तक्रार कोणाकडे करणार?

पवनीतल्या बुद्धविहाराच्या मागच्या बाजूची ती खोली म्हणजे तागडे सरांची अभ्यासिका. सर खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले आणि इथं येऊन वस्तीतल्या पोरांना गणित शिकवू लागले. नोकरीत असतानाही सुट्टीच्या दिवशी तेच करत. या सतरंजीवरून उठून कितीतरी पोरं इंजिनियर झाली. त्यांत सगळ्यांत वर पोहोचले ते शंभरकर. त्यांच्या खुर्चीत वस्तीतलं कुणी आजवर बसलं नव्हतं, आणि ही गोष्ट साहेब स्वतःही कधी विसरत नसत.

आज दुपारी भंडाऱ्याला समाजातल्या अभियंत्यांच्या संघटनेनं त्यांचा सत्कार ठेवला होता. त्याच मंचावर ते संघटनेचे अध्यक्ष होणार होते. सरांना घ्यायला ते स्वतः गाडी घेऊन आले होते. हार सरांच्याच हातून गळ्यात पडावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

सरांनी मात्र जय भीमला जय भीम केला आणि पहिलाच प्रश्न टाकला.

"मृणालीचं काय केलं तू?"

तिथंच सगळं बिनसलं.

मृणाली ढोके ही याच सतरंजीवरची पोर. खात्यात कनिष्ठ अभियंता. तिच्या देखरेखीखालच्या एका नाल्यावरच्या पुलाजवळचा भराव खचला. कोणाला इजा झाली नाही. भराव नीट दाबला गेला की नाही, याची चाचणी तिनं घेतली नव्हती. वरच्या उपअभियंत्यानं घाई केली आणि ती दबली. चूक तिची होतीच. चौकशी शंभरकरांकडे आली. उपअभियंत्याला त्यांनी लेखी ताकीद दिली. मृणालीच्या निलंबनाचा आदेश तयार करायला सांगितला. उद्या, सोमवारी, त्यावर त्यांची सही व्हायची होती.

"माझी ओळख आहे तिच्याशी," आल्यापासून साहेब हेच समजावत होते. "आख्ख्या ऑफिसला ठाऊक आहे. मी सोडलं असतं तर म्हणाले असते, शंभरकरनं आपल्या माणसाला झुकतं माप दिलं. मग मी करायला काय हवं होतं?"

आणि उत्तराच्या जागी हा पाहुणा येऊन बसला.

पाहुणा पाणी शुद्ध करायचं मशीन विकत होता. त्यानं पिशवी उघडली, नळ्या काढल्या, बोलायला सुरुवात केली. सर उठले. कोपऱ्यातल्या माठातून त्यांनी पेला भरला आणि त्याच्या हातात दिला. तो गटागट प्यायला. सरांनी पुन्हा भरून दिला.

साहेबांच्या घशाला कोरड पडली होती. मे महिना, पवनीचं ऊन, आणि बोलून बोलून जीभ टाळ्याला चिकटलेली. त्यांनी पेल्याकडे पाहिलं. सरांनी तो माठावर पालथा घातला.

"सांगा," सर विक्रेत्याला म्हणाले. "कसं चालते हे मशीन?"

विक्रेता सांगत राहिला. सर बारीकसारीक प्रश्न विचारत राहिले. मध्येच स्टोव्ह पेटवून त्यांनी चहा टाकला. चहा एकच कप झाला, तो विक्रेत्याला मिळाला. मग आणखी अर्धा झाला. तोही त्यालाच.

साहेब खोकले.

सरांनी ऐकलं नाही, किंवा ऐकून न ऐकल्यासारखं केलं. साहेबांचा फोन थरथरला. संघटनेचे सचिव गजभिये. साहेबांनी तो कापला.

शेवटी विक्रेता उठला. मशीन काही खपलं नव्हतं. पण दुपारभराची तरतरी घेऊन, हात जोडून तो गेला. साहेबांनी सुटकेचा श्वास टाकला.

"सर, आता…"

"थांब," सर म्हणाले. "बाहेर तुझा ड्रायव्हर आहे ना? त्याले बोलावतो. उन्हात बसला बिचारा."

ड्रायव्हर आला. त्यालाही पाणी मिळालं. बूड टेकायला खुर्ची मिळाली. साहेब खाली आणि आपण वर, या विचारानं तो बापडा धड बसलाही नाही. पाणी प्यायला आणि पळाला.

आता मात्र साहेबांचा बांध फुटला. रागात त्यांची भाषाही घरी परतली.

"हे काय करून राहिले सर तुम्ही? मशीन विकणाऱ्याले पाणी, चहा. ड्रायव्हरले पाणी. अन् मी केव्हाचा बसलो, मले घोटभर पाणी नाही? मी काय परका आहो?"

"नाही ना. तू घरचा आहे."

"मग?"

"मग काय… उद्या गावात कोणी म्हणायले नको, तागड्यानं आपल्या माणसाले आधी पाणी पाजलं."

…

विहाराच्या पत्र्यावर कावळा बसला, त्याच्या नखांचा आवाज आला.

साहेबांनी मान खाली घातली. त्यांचे आजोबा सांगायचे: विहिरीपाशी ओंजळ धरून उभं राहायचं, वरून कोणी ओतलं तर प्यायचं, नाही ओतलं तर तसंच परत फिरायचं. ही आठवण साहेब प्रत्येक भाषणात सांगत. आजच्या भाषणातही ती होती. पण पाण्यासाठी ताटकळत बसणं म्हणजे काय, हे त्यांना या खोलीत, आपल्याच माणसाच्या घरी कळलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण त्यांना लहानपणापासून पाठ होती. ती आपल्याला कधी लागू पडेल असं मात्र वाटलं नव्हतं.

तरी माणूस एवढ्यात हार मानतो होय?

"तुम्हाला माहीत नाही सर, तिथं काय वातावरण आहे," ते म्हणाले. आवाज खाली आला होता. "आमची एक चूक झाली, की सगळ्यांच्या भुवया उंचावतात. कसे भरती झाले, ते निघतं. मी कडक वागलो म्हणून टिकलो."

"हं. अन् आता काय म्हणतात?"

"कशाबद्दल?"

"मृणालीबद्दल. तू तिले काढून राहिला, हे समजलं असेल ना ऑफिसात?"

साहेब सतरंजीची किनार चाचपू लागले.

"बोल."

"म्हणतात… त्यांच्याच साहेबानं काढलं, म्हणजे पोरगी खरंच कुचकामी असणार."

सरांनी मान हलवली. रागावले नाहीत. ते रागावले असते तर साहेबांना बरं वाटलं असतं.

"तुले कालव्याचं काम आठवते?" त्यांनी विचारलं.

आठवत नसेल कसं? शंभरकर तेव्हा नुकते नोकरीला लागलेले, आणि तागडे त्यांचे साहेब. कालव्याची उंची मोजताना पोरानं घोळ घातला. उतार उलटा निघाला. पाणी सोडलं तर शेताकडे जायच्या ऐवजी ते माघारी फिरलं, आणि काठावर जमलेलं गाव पोट धरधरून हसलं.

"मी काय केलं होतं?"

"लेखी ताकीद दिलीत. आणि दुसऱ्या दिवशी स्वतः माझ्याबरोबर उन्हात उभे राहिलात. सगळी मोजणी पुन्हा करून घेतलीत."

"इतरांच्या चुकीले काय करत होतो मी?"

"तेच. ताकीद, आणि काम पुन्हा."

"लोक काय म्हणाले?"

"म्हणाले, तागड्यानं जातभाई वाचवला."

"खरं होतं?"

"नाही, सर."

"तरी म्हणाले."

"…तरी म्हणाले."

त्यानंतर बढतीच्या यादीत सरांचं नाव कधी आलं नाही. दर वर्षी काही ना काही कारण निघायचं. साहेबांना हे माहीत होतं. कालपरवा नव्हे, पहिल्या वर्षापासून. पण त्याबद्दल ते सरांशी कधी बोलले नव्हते. सरांनीही कधी विषय काढला नव्हता. आज साहेब ज्या खुर्चीत बसत, तिच्यापर्यंत सर पोहोचलेच नाहीत. का नाहीत, याचं कारण इथं सतरंजीवर मांडी घालून बसलं होतं.

साहेबांना लाज वाटली. नुसती लाज. तिच्यात सबब सांगायला जागाच नव्हती.

सर उठले. माठावरचा पेला सरळ केला, भरला आणि त्यांच्यापुढे धरला. साहेबांनी तो दोन्ही हातांनी घेतला. पण लगेच ओठांना लावला नाही.

फोन पुन्हा थरथरला. या वेळी त्यांनी उचलला.

"साहेब, कुठं आहात?" गजभियांचा आवाज खोलीभर ऐकू आला. "हॉल भरला! पाहुणे येऊन बसले. ढोकेबाईचे वडीलही आलेत, मागं उभे आहेत. कोणाशी बोलत नाहीत. काय करू?"

"बसवा त्यांना."

"कुठं बसवू?"

साहेबांनी फोन बंद केला.

"सर," ते म्हणाले, "समजा, मी उद्या सही केली नाही. तिलाही ताकीद दिली, उपअभियंत्याला दिली तशीच."

"हं."

"वरचे साहेब फाइल मागवतील. माझ्या जुन्या फाइलीसुद्धा उघडतील. कुठं काही सापडतं का बघतील."

"बघतील."

"मुख्य अभियंता व्हायला माझं एकच पाऊल राहिलंय, सर. तुमचं गेलं तसं माझंही जाईल."

"जाऊ शकते."

सर एवढं सरळ बोलतील असं त्यांना वाटलं नव्हतं. काही तरी धीराचं बोलतील, पाठीवर हात ठेवतील, अशी आशा होती. सर नुसते समोर बसून राहिले, म्हाताऱ्या, उतरत्या खांद्यांनी. गाडी बाहेर होती. हॉल भरला होता. हार तयार होते. सही उद्याची होती.

"तुम्ही कसं निभावलंत, मला माहीत नाही," ते म्हणाले. "मला भीती वाटते. या खुर्चीत मी एकटा आहे, सर. वर कोणी नाही, शेजारी कोणी नाही. उद्या माझ्यावर आलं, तर आख्ख्या खात्यात माझ्या बाजूनं उभं राहणारं कोण आहे?"

…

तागडे सरांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"जिले घरी बसवायले निघाला तू, ती."