भोईवाडीच्या घाटावरची ओंजळ

“वाहून जातं म्हणता, ते जातं कुठं?”

सुभाना भोयानं हे वडाळीच्या पाटलाला विचारलं, गोताला विचारलं, देवळातल्या गुरवाला विचारलं, आपल्या वाडीतल्या म्हाताऱ्यांनाही विचारलं. कुणी त्याला उत्तर दिलं नाही. कुणी हसलं, कुणी पागोटं सारखं केलं, कुणी विषय बदलला. तो मरेपर्यंत उत्तर मिळालं नाही.

ही गोष्ट खडवी नदीवर पूल नव्हता तेव्हाची. नदीच्या वरच्या अंगाला थोरली वडाळी आणि खालच्या अंगाला भोईवाडी. वडाळीत ताग पिकायचा. ताग कापला की त्याच्या पेंढ्या पाण्यात कुजत घालतात, मग वाख, म्हणजे सालीचा धागा, सोलून दोर वळतात. वडाळीचे दोर नावाजलेले. फौजेची घोडी त्या दोरांनी बांधत, मोटा त्या दोरांनी ओढत. पेंढ्या बुडवायला वडाळीकरांनी जागा निवडली ती नदीचाच डोह. वर दगड ठेवले की काम झालं. नदी फुकट, डोह फुकट आणि घाण खाली जाणारी.

भोईवाडीची माणसं मासे धरायची आणि नाव चालवायची. पाणी नदीचंच प्यायची. दरवर्षी ती नदीची ओटी भरत. खण, नारळ, हळदकुंकू पाण्यात सोडत आणि मगच जाळी टाकत. एका वर्षी ओटी भरली आणि तिसऱ्या प्रहरी मासेच वर आले. मरळ, वांब, खवले, सगळे पोट वर करून काठाला लागले. जाळं टाकायचीही गरज पडली नाही. वाडी नाचली. “आपण नदीची ओटी भरली, नदीनं आपली भरली,” असं बायका म्हणाल्या. पाट्या भरभरून मासे नेले. पाण्याला वास येत होता, पण देणाऱ्या हाताचा वास कोण घेतो? रात्री घरोघर कालवण शिजलं.

सुभानाला आईबाप नव्हते. त्याला थोरल्या बहिणीनं, पुतळाआक्कानं वाढवलं होतं. त्या दिवशी आक्कानं चांगले मासे धाकट्याच्या ताटात वाढायला काढले. पण तो नावेवर होता, परत यायला उशीर झाला. थांबून थांबून तिनं वाडीतल्या म्हाताऱ्यांना वाढलं, आपणही खाल्लं आणि वर नदीचं पाणी प्याली. सकाळपर्यंत वाडीत वांत्या सुरू झाल्या. सुभाना आला तेव्हा आक्काची जीभ काळी पडली होती. तिनं एवढंच विचारलं, “जेवलास का रं?”

बाकीचे काही वाचले. आक्का वाचली नाही.

वाडीतला कोंडाजी आजा म्हणाला, “तिचं आयुष्यच तेवढं होतं, पोरा.”

“तिचं आयुष्य तू मोजून आलतास व्हय आजा? वर जाऊन बघ, डोहात काय बुडवलंय.”

तो तसाच, सुतकातला, अंगावर पंचा एवढाच, नदीच्या काठाकाठानं वर गेला. त्याला ना अर्ज माहीत, ना कुणापुढं कसं बोलावं हे माहीत. हैबती पाटील ओसरीवर पान लावत बसला होता. सुभानानं डोहातलं काळं पाणी घागरीत भरून आणलं होतं, ते त्यानं पाटलाच्या पायाशी ओतलं.

पाटलानं पाय वर घेतले. “अरे, वाहतं पाणी ते. त्यात काय राहतंय? वाहून जातं सगळं.”

तेव्हा सुभानानं पहिल्यांदा तो प्रश्न विचारला. पाटील हसला आणि त्यानं माणसांना हाक मारली. त्यांनी सुभानाला वेशीबाहेर ढकलून दिलं.

दुसऱ्या दिवशी वडाळीच्या दोरांच्या मोळ्या पैलतीरी जायला भोईवाडीच्या घाटावर आल्या. सुभाना काठावर नावेपाशी बसला होता. त्याच्या हातात कोयता होता. त्यानं नावेचा दोर कापला. तो दोरही वडाळीचाच होता. नाव धारेला लागली आणि मोळ्या काठावर राहिल्या.

“येडा झालास का?” वाडीतले ओरडले. “खाणार काय आपण?”

“मासे खावा,” सुभाना म्हणाला. “फुकट मिळत्यात.”

दुसरा एकही भोई वल्ह्याला हात लावेना. दोर अडले, फौजेची माणसं ओरडू लागली, आणि मग काठावरच्या गावांचं गोत, म्हणजे न्यायाची सभा, जमलं. आक्का मेली तेव्हा कुणाला वेळ नव्हता. दोर अडले तेव्हा सगळ्यांना वेळ मिळाला.

त्या काळी वाद मिटवायची एक रीत होती. खरं बोलणाऱ्यानं कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून नदीचं पाणी ओंजळीत घ्यायचं, शब्द द्यायचा आणि ते पाणी प्यायचं. पाटील म्हणाला, “माझ्यामुळं पाणी बिघडत नाही. पितो की. चला वडाळीच्या घाटावर.”

“तुमचा घाट डोहाच्या वर. तिथं मीबी पितो, पाटील,” सुभाना म्हणाला. “वाद माझ्या घाटाचा हाय.”

गोतातलं कुणीतरी खुदकन हसलं. पाटलाचा इलाज राहिला नाही. सगळे खाली भोईवाडीला आले. पाटील पाण्यात उतरला आणि त्यानं ओंजळ भरली. असं म्हणतात, की त्या वेळी खडवीचा आवाज बंद झाला. धार वाहत होती, पण खळखळ नव्हती. ओंजळीतलं पाणी शाईसारखं काळं झालं आणि बोटांच्या फटीतून एक थेंब गळेना. पाटलाचे हात तोंडाशी जाईनात, आणि खालीही येईनात. ऊन डोक्यावर आलं, ऊन कललं, तरी पाटील तसाच उभा. काठावर सुभाना आक्काची राख घेऊन बसला होता.

सूर्य टेकला तेव्हा पाटील म्हणाला, “डोहात ताग घालणार नाही.” त्याबरोबर ओंजळ सुटली आणि नदी पुन्हा बोलू लागली.

गोतानं कायदा केला. ताग कुजवायचा तो माळावर खड्डे खणून, विहिरीपासून आणि नदीपासून लांब. खड्ड्यातलं पाणी नदीला सोडायचं नाही. आणि दरवर्षी तागाला विळा लागायच्या आधी वडाळीच्या पाटलानं खाली येऊन भोईवाडीच्या घाटावर ओंजळभर पाणी प्यायचं, आधी त्यानं, मग वाडीनं.

ते आजही चालतं. आता ताग फारसा राहिला नाही, वरच्या अंगाला रंगाचे कारखाने आलेत. भोईवाडीची माणसं त्यांच्या मालकांना घाटावर बोलावतात. “सुभानाची ओंजळ घ्या,” म्हणतात. काही येतात. काही पाण्याची बाटली बरोबर आणतात, ती वाडीतल्या बाया आधी काढून घेतात. जे येत नाहीत, त्यांच्या कारखान्याच्या दारात बाया नदीच्या घागरी नेऊन ओततात, आणि सरकारी माणूस येऊन पाणी तपासेपर्यंत तिथून उठत नाहीत.

सुभाना म्हातारा झाला नाही. एका दुष्काळी साली, वडाळी जत्रेला गेलेली असताना, मागं राहिलेल्या काही जणांनी भर दुपारी पुन्हा डोहात दगड बांधून पेंढ्या बुडवल्या. खड्डे खणायचा त्यांना कंटाळा आला होता. वास खाली आला तसा सुभाना धावत वर गेला. मागून वाडी गेली.

“दम धर,” कोंडाजी आजा धापा टाकत म्हणाला. “गोत बोलवू.”

“गोत येईस्तोवर हे कोण पिणार? तू?”

त्यानं मुंडासं काठावर टाकलं आणि उडी मारली. थोड्या वेळानं एक पेंढी वर आली. मग दुसरी, मग तिसरी. वाडीची माणसं त्या ओढून माळावर फेकू लागली. माणसाचा दम टिकेल तेवढा वेळ गेला. त्याच्या कितीतरी पट वेळ गेला. हाका मारून लोकांचे घसे बसले, पोहणारे बुडी मारून रिकाम्या हातांनी परत आले, पण पेंढ्या येत राहिल्या. असं म्हणतात, की डोह तळापर्यंत नितळ दिसू लागला, तरी आत माणूस कुणाला दिसला नाही. दिवस मावळताना शेवटची पेंढी वर आली, सुभाना आला नाही. तिचा दगडाला बांधलेला दोर दातांनी तोडलेला होता.