मोडलेला सुळा

फार पूर्वी, बर्फ पार मैदानापर्यंत उतरत असे तेव्हा, कट्यारीसारखे सुळे असलेल्या वाघांचा एक वंश होता. त्यातल्या करडी नावाच्या वाघिणीचा एक सुळा गव्याच्या हाडावर मोडला. तेव्हापासून धाकटी बहीण तांबडी तिला मांस आणून देई.

करडीला ते गोड लागेना. फुकट कोण कुणाला भरवतं? हिचा डोळा माझ्या गुहेवरच असणार, असं तिच्या मनाने घेतलं.

"चांगला तुकडा कुठे लपवलास? माझ्याकडून काय हवंय तुला?" ती विचारी.

"ताई, मिळालं तेवढं सगळं आणलंय," एवढंच बोलून तांबडी निघून जाई.

एक दिवस तांबडी आलीच नाही. "शेवटी खरं रूप दाखवलंच हिने!" असं पुटपुटत करडी तिला रंगेहाथ पकडायला निघाली. ओढ्याकाठी तांबडी दिसली. गव्याच्या लाथेने तिचा पाय मोडला होता, पोट पाठीला लागलं होतं, तरी मांसाचा लचका तोंडात धरून ती गुहेकडे सरपटत होती.

करडी शरमली. तिने मांस फाडून मोठा वाटा बहिणीपुढे सरकवला. "खा गं बाई."

तांबडीने त्याला तोंड लावलं नाही. ती करडीकडे टक लावून पाहत राहिली.

"ताई," तिने हळूच विचारलं, "तुला माझ्याकडून काय हवंय?"