जास्तीचा हार्डनर

“पण मी आणखी काय करायला हवं होतं, बुवा?”

भार्गवबुवा होडीच्या तळाशी वाकले. काल बुजवलेल्या भेगेवर त्यांनी बोट दाबलं. बोट चिकटलं.

केळुसकर मास्तरांचा चेहरा पडला. बुवांच्या खाडीकाठच्या मठाला ही एकच होडी, आणि पलीकडे गेल्याशिवाय शहराचा रस्ता नाही. शहरात त्यांची मुलगी राहत होती, मैथिली.

तिची आई गेल्यापासून मास्तरांनी तिला तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं. शाळा, मैत्रिणी, नोकरी, सगळं त्यांनीच निवडलं. लग्न तेवढं तिनं स्वतः ठरवलं. मास्तर रोज उठून तिची समजूत घालायला जाऊ लागले, तेव्हा तिनं दार उघडणंच सोडलं.

आज जाऊन दारात बसायचं, ती उघडेपर्यंत उठायचं नाही, असा मास्तरांचा बेत होता. जन्मभर द्वाड पोरांना वठणीवर आणलेला माणूस, एका दारापुढे कसला हार मानतोय!

तसं त्यांना फार काही नको होतं. तिनं समोर बसून कपभर चहा घ्यावा... एवढंच.

“इपॉक्सी कालवली कुणी?” बुवांनी विचारलं.

मास्तरांनीच. एका डब्यात चिकट रेझिन, दुसऱ्यात ते घट्ट करणारा हार्डनर. बुवा संन्यास घेण्याआधी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. दोन्हींचं माप त्यांनी नीट सांगून ठेवलं होतं. पण मास्तरांना होडी सकाळीच हवी होती. त्यांनी हार्डनर मापाच्या दुप्पट ओतला. भांडं तापून धूर निघाला, तेव्हा त्यांना वाटलं, काम फत्ते झालं.

“जास्त घातला तर जास्त घट्ट व्हायला नको?” मास्तर ओशाळून म्हणाले.

बुवा हसले. शिकवायची खोड काही संन्यासानं जात नाही. त्यांनी सांगितलं, रेझिनच्या कणाला दोन हात असतात, हार्डनरच्या कणाला त्याहून जास्त. माप बरोबर असलं की एका हातानं याला, दुसऱ्यानं त्याला धरत सगळ्यांचं मिळून जाळं विणलं जातं, आणि मग ते तापवूनही वितळत नाही. हार्डनर फार झाला तर रेझिनचे दोन्ही हात आधीच पकडले जातात. जाळं पुढे जात नाही, आणि हार्डनरचे उरलेले हात रिकामेच राहतात.

मास्तरांनी होडीकडे पाठ फिरवली.

“होडीचं राहू द्या, बुवा. माझी पोर मला परत कशी मिळेल ते सांगा. मी तिला कधी अंतर दिलं नाही...”

बुवांनी आपले दोन्ही हात पुढे केले.

“धरा. घट्ट.”

मास्तरांनी धरले. बुडणाऱ्यानं दोर धरावा तसे धरले.

थोड्या वेळानं मठातल्या पार्वतीआक्का ताकाचा पेला घेऊन आल्या आणि बुवांपुढे तो धरून उभ्या राहिल्या. बुवांनी पेल्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. मास्तर सोडेनात, गुरूंची आज्ञा होती. आक्कांनी वाट पाहिली, पेला होडीच्या काठावर ठेवला आणि त्या निघून गेल्या.

खाडीला भरती येत होती...

मास्तरांचे डोळे वाहू लागले. पुसायला त्यांचाही हात मोकळा नव्हता.

“सोडू का?” त्यांनी शेवटी विचारलं.

बुवा हळू आवाजात म्हणाले, “मास्तर, मैथिलीला कधी वाटलंच तुम्हाला हात द्यावा... तर तिनं द्यावा तरी कुठला?”