पेज आणि प्रवचन

फार पूर्वीची गोष्ट. डोंगरापलीकडे कुंभारांचे एक गाव होते. एके वर्षी तिथे तापाची साथ आली. भट्ट्या विझल्या, चाके थांबली.

साथीचे ऐकून दूरच्या मुलखातला एक धर्मोपदेशक गावात आला. माणूस मनाचा चांगला. चिंचेखाली चूल मांडून तो रोज मोठ्या हंड्यात पेज शिजवी, तापावरचा काढा उकळी. मात्र आधी आपल्या देवाविषयी घटकाभर सांगे आणि मगच पळी हातात घेई. शेवटी तो विचारी, “पटलं ना?” सगळे माना डोलावत. उपदेशकाला समाधान वाटे, सारे गाव आपल्या देवाचे झाले.

गावाच्या टोकाला एक कुंभारीण राहत होती. तिचा नवरा तापाने गेला होता. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारीच जेवण नेतात. पण शेजारीपाजारी अंथरुणाला खिळलेले. तीन दिवस तिच्या पोटात अन्न नव्हते.

हे कळताच उपदेशक पेज घेऊन गेला. वाडगा पुढे ठेवून सवयीने बोलू लागला, “बाई, आमचा देव म्हणतो...”

तिने वाडगा मागे सारला. “न्या परत.”

“का? मी फुकट देतोय.”

“तुम्हाला ‘हो’ हवं असतं, बाबा. आज माझ्याकडे द्यायला तेही नाही.”

तो खाली मान घालून परतला. चिंचेखाली एक म्हातारा कुंभार बसला होता. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, “आमच्यात सुतकाच्या घरी घास नेणारा बोलत नाही. नुसता बसतो. बोललं की तो घास उपकाराचा होतो.”

“पण तुम्ही सगळे तर रोज ‘पटलं’ म्हणता.”

“पेज चांगली असते तुमची,” म्हातारा म्हणाला. “नाही कशाला म्हणायचं?”

उपदेशकाने चूल फुंकली. मग त्याने पेज पुन्हा गरम केली आणि तिच्या दाराशी गेला. वाडगा ठेवला, भिंतीला टेकून बसला. दोन-तीनदा शब्द ओठांपर्यंत आले, ते त्याने गिळले. तिने वाट पाहिली. तो बोलत नाही असे पाहून तिने वाडगा उचलला आणि हळूहळू संपवला. मग ती रडली. तेव्हाही तो गप्पच बसला.

दुसऱ्या दिवसापासून पेज आणि काढा सकाळी, काही न विचारता. प्रवचन संध्याकाळी, पार नदीकाठी. पहिल्या संध्याकाळी कोणी आले नाही. दुसऱ्या दिवशी म्हातारा आला आणि ऐकता ऐकता झोपला. उपदेशकाला हसू आले, पण वाईट वाटले नाही. निदान तो पेजेसाठी आला नव्हता.

साथ ओसरली. चाके पुन्हा फिरू लागली. एका संध्याकाळी हात मातीने माखलेली कुंभारीण नदीकाठी आली आणि समोर बसली.

“घरी जेवून आलेय,” ती म्हणाली. “आता सांगा तुमच्या देवाचं. पटलं तरच पटलं म्हणेन.”

उपदेशक सावरून बसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला शब्द जपून निवडावे लागले.

तात्पर्य एवढेच: भुकेल्याला घास द्यावा तो त्याच्या भुकेसाठी. आपला देव सांगावा तो स्वतःच्या पायांनी ऐकायला आलेल्याला.