दुसरं मीटर

"पेट्रोल कमी का ठेवलंत, वस्ताद?"

दस्तगीर वस्ताद लिफ्टवर चढवलेल्या गाडीखाली उभे होते. हातातली चिंधी त्यांनी खांद्यावर टाकली.

"कमी हाय?"

"आहेच. गेल्या आठवड्यापर्यंत वाऱ्यासारखी पळत होती. आता पुलाचा चढ धड चढत नाही. दम कोंडतो तिचा. आणि रविवारी घाटात शर्यत आहे."

वस्ताद गाडीचं पोट बघत राहिले.

"मला उत्तर पाहिजे, वस्ताद. नाहीतर गाडी घेऊन मी पुण्याला जातो. आजच."

वस्तादांनी नुसती मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

शार्दूल सरनोबत हे बोलून गेला खरा, पण बोलणं साधं नव्हतं. कोल्हापुरातल्या या गॅरेजचा एकच नियम होता. काम अर्ध्यात टाकून गाडी दुसऱ्याकडं नेली, की त्या माणसाला पुन्हा या शटरच्या आत पाऊल टाकता येत नसे. गिऱ्हाइकालाही नाही आणि शिष्यालाही नाही. शार्दूलची इथं चार वर्षं झाली होती. आज गाडी बाहेर गेली असती, तर चारही वर्षं तिच्याबरोबर गेली असती.

गाडी त्याची स्वतःची होती. निळी, जपानी, टर्बोची. पुराच्या पाण्यात आठवडाभर बुडालेली म्हणून भंगाराच्या भावात मिळाली. गुरुशिष्यांनी मिळून तिचा खिळा न् खिळा सोडवला, गाळ धुतला आणि तिला पुन्हा रस्त्यावर आणलं.

मग शार्दूलला हाव सुटली. सुटायचीच. टर्बो म्हणजे इंजिनाच्याच धुराच्या जोरावर फिरणारा भाता. तो हवा कोंबतो आणि गाडी पळते. शार्दूलनं हवेचा पाइप बदलून जाड बसवला. फिल्टर मोठा घातला. जादा हवेला जादा पेट्रोल लागतं, म्हणून इंजेक्टर मोठे आणले, पंप जोरदार आणला.

इथपर्यंत हातांचं काम होतं. पुढचं काम मापाचं. हवा किती आणि पेट्रोल किती, हे गाडीच्या कॉम्प्युटरला शिकवावं लागतं. पेट्रोल कमी पडलं तर पिस्टन वितळतो. जास्त झालं तर इंजिन गुदमरतं. हे माप वस्ताद स्वतः बसवायचे. धुरात किती हवा उरली ते मोजणारं मीटर धुराच्या पाइपात लावून, लॅपटॉप मांडीवर घेऊन, तासन् तास.

शेवटच्या दिवशी दोघं हायवेला गेले. टर्बोला पहिल्यांदाच पुरा दाब द्यायचा होता. शार्दूल शेजारी बसला होता.

वस्तादांनी गाडी कडेला घेतली.

"उतर."

"का?"

"उतर म्हणतोय न्हवं."

तो उतरला. वस्ताद एकटेच गेले. परत आले, लॅपटॉप मिटला, म्हणाले, "झालं." आणि मीटर काढून कपाटात ठेवून दिलं.

काय झालं, ते सांगितलं नाही. आणि शार्दूलनंही विचारलं नाही. संशयाला एवढी फट पुरते.

कोल्हापूर पडलं तालमींचं गाव. इथं पोराला मिसरूड फुटायच्या आधी एक गोष्ट कळलेली असते, की वस्ताद सगळे डाव शिकवतो, पण एक डाव राखून ठेवतो. आपला डाव राखलाय, असं शार्दूलच्या मनानं घेतलं. त्यात वस्तादांचा भाचा इर्शाद त्याच शर्यतीत दुसरी गाडी घेऊन उतरणार होता. म्हणजे कुठंतरी पाणी मुरत होतं.

शार्दूल हुशार होता, यात वाद नाही. डिप्लोमाला पहिला आलेला. पण हुशार माणसाला संशय आला की तो पुरावेसुद्धा हुशारीनंच गोळा करतो.

त्यानं टाकीतलं पेट्रोल फडक्यातून गाळून पाहिलं. पाणी निघालं नाही. पंपावरचा नंबर तपासला. पंप अस्सल निघाला. बॉनेटच्या फटीत आगकाडी अडकवून ठेवली, कुणी उघडलं तर कळावं म्हणून. सकाळी काडी खाली पडलेली. बॉनेटवर मांजराच्या पावलांचे ठसे स्पष्ट होते, पण शार्दूलनं त्या दिवशी मांजराकडंही जरा निरखूनच पाहिलं.

एवढ्यानं समाधान झालं असतं तर तो संशय कसला.

गेल्या शुक्रवारी दुपारी वस्ताद नमाजाला गेले. शटर अर्धं ओढून शार्दूल गाडीखाली शिरला. धुराच्या पाइपाला त्यानं एक नवं भोक पाडलं, टर्बोच्या जरा मागं. त्यावर नट वेल्ड केला आणि गुपचूप आणलेलं आपलं स्वतःचं मीटर बसवलं. त्याचा आकडे दाखवणारा डबा गाडीच्या कप्प्यात, कागदपत्रांच्या खाली.

मीटरनं सांगितलं : पेट्रोल कमी.

आणि त्याच दिवसापासून गाडी गुदमरायला लागली. आता आणखी काय पुरावा पाहिजे? वस्तादांनी माप चोरलं होतं. भाच्यासाठी. चार वर्षं ज्यांच्या हाताखाली ग्रीस खाल्लं, त्यांनी. शार्दूलला नुसता राग आला नव्हता, त्याला वाईट वाटलं होतं.

म्हणून आज तो समोर उभा होता.

वस्ताद चालत गाडीच्या मागच्या बाजूला गेले. सायलेन्सरच्या तोंडात त्यांनी बोट घातलं, गोल फिरवलं आणि बाहेर काढून शार्दूलच्या डोळ्यांपुढं धरलं. बोट काळंकुट्ट.

"हे काय?"

"काजळी."

"काजळी कशानं धरती?"

"पेट्रोल जास्त झालं की."

"आणि तू म्हणतोस कमी."

"मीटर कमी दाखवतंय, वस्ताद. मी चार दिवस बघतोय. आकडा खोटं…"

शार्दूल थांबला.

"माझं मीटर कपाटात हाय," वस्ताद म्हणाले. "किल्ली माझ्या खिशात."

…

शेजारच्या कारखान्यात लेथ चालू होतं. ते बंद पडलं असतं तर बरं झालं असतं, किंवा आणखी मोठ्यानं चाललं असतं तरी चाललं असतं, असं शार्दूलला वाटलं. चोराच्या मनात चांदणं. मग पकडलेला माणूस जे करतो तेच त्यानं केलं. आवाज चढवला.

"हो, बसवलं मी मीटर. तुमचा भरवसा वाटत नव्हता. का वाटावा?"

वस्ताद रागावतील, अशी त्याची अपेक्षा होती. रागावले असते तर सोपं गेलं असतं.

"ती पेट्रोलची कॅन बाहेर नेऊन ठेव आधी," वस्ताद म्हणाले. "आणि देवळीतला उदबत्तीचा पुडा आण."

"उदबत्ती?"

"आण की."

शार्दूलनं कॅन बाहेर नेली. पुडा आणला. सांगितल्याप्रमाणं गाडी खाली घेतली, इंजिन चालू केलं, गाडी पुन्हा वर चढवली. इंजिन जडपणानं धडधडत होतं, पोटभर जेवून पायऱ्या चढणाऱ्या माणसासारखं.

वस्तादांनी उदबत्ती पेटवली आणि त्याच्याच हातात दिली.

"पाइपाला जिथं जिथं सांधा हाय, तिथं तिथं धर."

यात काय डाव आहे, ते शार्दूलला उमगेना. डाव असणारच, एवढी मात्र खात्री होती. त्यानं उदबत्ती टर्बोच्या सांध्याशी धरली. धूर सरळ वर गेला. पुढच्या नटबोल्टांशी धरली. सरळ. मधल्या जोडाशी, सायलेन्सरच्या तोंडाशी. सरळ.

"झालं," तो म्हणाला. "कुठंच काही नाही."

"एक राहिला."

…

"ते वेल्डिंग मी स्वतः केलंय, वस्ताद. ते नाही बघावं लागत."

वस्तादांनी बोटावरची काजळी चिंधीला पुसली, सावकाश, नखाच्या कडेचीसुद्धा.

शेवटी शार्दूलनं उदबत्ती आपल्या मीटरच्या नटाजवळ नेली. खालच्या बाजूला धूर सरळ गेला. डावीकडं सरळ. उजवीकडं सरळ.

वरच्या बाजूला नेली, आणि धुराची रेघ मोडली. इंजिनाच्या ठोक्याठोक्याला ती पाइपात ओढली जायला लागली.

शार्दूलनं उदबत्ती लांब नेली, पुन्हा जवळ आणली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

शुक्रवारी त्यानं गाडी लिफ्टवर घेतली नव्हती, पाइपही खाली उतरवला नव्हता. उतरवला असता तर पुन्हा चढवायला तास गेला असता आणि वस्तादांना कळलं असतं. म्हणून उताणं पडून, जागच्या जागी, घाईघाईत त्यानं नट चिकटवला होता. वरच्या अंगाला वेल्डिंगची बंदूक पोचत नव्हती. तेवढा भाग त्यानं अंदाजानं मारला होता.

पुढचं त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. पहिला आलेला पोरगा तो. बाहेरची हवा त्या फटीतून आत शिरत होती. त्याच्या मीटरला ती हवा दिसत होती, आणि पाइपात आणखी मागं असलेल्या, कॉम्प्युटरला माप कळवणाऱ्या गाडीच्या मूळ सेन्सरलाही. दोघं एकच सांगत होते, पेट्रोल कमी. मग कॉम्प्युटर बिचारा आणखी पेट्रोल ओतत होता. इंजिन बुडत होतं, आणि मीटर ते तहानलेलं आहे म्हणून सांगत होतं.

वस्तादांच्या मापाला कुणी हात लावला नव्हता. इर्शादनं नाही, मांजरानं नाही.

गाडी खाली घेऊन त्यानं इंजिन बंद केलं आणि ती पुन्हा वर चढवली. उदबत्ती विझवायला लागला तर बोट भाजलं.

"तुम्हाला कधी कळलं?"

"शुक्रवारी. नमाजावरनं आलो तर फरशीवर वेल्डिंगचे दाणे पडलेले."

"मग बोललात का नाही?"

"तू बोलशील म्हणून."

…

शार्दूलला लाज वाटली. इतकी, की वस्तादांच्या तोंडाकडं बघवेना. पण एक काटा अजून रुतलेला होता, आणि तो काढल्याशिवाय त्याला जाता येणार नव्हतं.

"त्या दिवशी हायवेला… मला गाडीतनं का उतरवलंत?"

वस्तादांना आठवायला थोडा वेळ लागला. ज्या गोष्टीनं शार्दूलची झोप गेली होती, ती त्यांच्या ध्यानातही राहिली नव्हती.

"पंप नवा, नळ्या नव्या. पुरा दाब पहिल्यांदाच द्यायचा हुता. एखादी नळी सुटून पेट्रोल उडालं असतं, तर गाडी पेटली असती."

त्यांनी चिंधी पुन्हा खांद्यावर टाकली.

"दोघांनी कशाला बसायचं?"

…

शार्दूलनं मान खाली घातली. माफी मागावी, तर कशाकशाची मागावी? तो भिंतीशी गेला आणि स्वतःची पान्यांची पेटी उघडली. चार वर्षांत एकेक करून जमवलेले पाने. कुठले आपले आणि कुठले गॅरेजचे, हे वेगळं करायला त्याला जरा वेळ लागला.

"काय करालायस?" वस्तादांनी विचारलं.

"मीटर काढतो. भोक बुजवतो. गाडी होती तशी करून देतो. मग जातो, वस्ताद. ज्याचा तुमच्यावर भरवसा नाही, त्यानं इथं कशाला राहायचं?"

पाना घेऊन तो गाडीखाली आला आणि त्यानं मीटरच्या नटाला हात घातला.

वस्तादांनी त्याचा हात बाजूला सारला. मान वाकडी करून ते बराच वेळ त्या सांध्याकडं बघत राहिले, खालून, मग कडेनं.

"मीटर राहू दे," ते म्हणाले. "पाइप खाली उतरव, आणि वरच्या अंगानं बी वेल्डिंग मार."