पाव चमचा

पाककृती विचारली की सगळं सांगायचं आणि नेमकी एक गोष्ट गाळायची, ही काही लोकांची जुनी खोड आहे. वर पुन्हा म्हणायचं, "हाताला चव असावी लागते." हात बिचारा काय करणार! अशाच एका हाताची ही गोष्ट.

गुहागरात यमुनाकाकू खांबेटे केक करून देत. वाढदिवस असो, बारसं असो, केक काकूंचाच. त्यांच्या व्हॅनिलाचा वास फाटकापर्यंत यायचा. त्याला कारण होतं. काकूंचा भाचा कोचीला अर्काच्या कारखान्यात नोकरीला होता. तो त्यांना चौपट अर्क आणून द्यायचा. साध्या अर्कात व्हॅनिलाच्या जेवढ्या शेंगा, त्याच्या चौपट शेंगा या अर्काच्या तेवढ्याच बाटलीत. म्हणून साधा अर्क जिथे एक चमचा लागतो, तिथे हा पाव चमचा पुरतो. यात गुपित काहीच नव्हतं. बाटलीवर छापलेलंच होतं. काकू बाटली कोमट पाण्यात ठेवत आणि लेबल खरवडून काढत.

शेजारच्या मयूरी घागला घरून केकचं काम सुरू करायचं होतं. तिने काकूंकडे कृती मागितली. काकूंनी प्रेमाने लिहून दिली. मैदा, लोणी, अंडी, साखर, सगळं बरोबर. शेवटची ओळ होती: अर्ध्या किलोच्या केकला व्हॅनिला पाव चमचा.

मयूरीने दुकानातला साधा अर्क पाव चमचा घातला. केकला अंड्याचा वास आला. नणंद म्हणाली, "वहिनी, केक केलायस की आम्लेट?"

मयूरी काकूंकडे गेली. "काकू, लिहायचं काही राहिलंय का हो?"

"छे गं! करत राहा. हाताला चव यायला वर्षं जातात."

मयूरी चिकाटीची होती. तिने पावाचा अर्धा चमचा केला, अर्ध्याचा पाऊण. पूर्ण एका चमच्याला केक जमला. तिने वहीत 'पाव' खोडून 'एक' लिहिलं.

दोन वर्षांनी ग्रंथालयाची शताब्दी आली. चार किलोंचा केक काकूंना सांगितला होता. आदल्या आठवड्यात काकू शेवाळावरून घसरल्या आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. मयूरी आपणहून आली. "तुम्ही खुर्चीत बसून सांगा, मी करते." सगळ्या गावासमोरचा तिचा हा पहिलाच केक. तो जमला तर लोक तिला काम देणार होते. बिघडला तर कोणी पुन्हा विचारणार नव्हतं.

मयूरीने काकूंचीच बाटली उचलली. "मी अर्ध्या किलोला एक चमचा घालते हं, काकू. पाव चमच्याने मला कधी जमलंच नाही."

'अगं थांब,' हे काकूंच्या ओठांवर आलं. पण थांब म्हटलं असतं, तर का तेही सांगावं लागलं असतं. मग लेबल निघालं असतं, भाचा निघाला असता, हाताची चवही निघाली असती. काकू प्लास्टरकडे बघत म्हणाल्या, "तुला बरं वाटेल तसं कर."

आठ चमचे गेले. दोन पुरले असते.

समारंभात अध्यक्षांनी पहिला घास घेतला आणि पाणी मागितलं. मुलांनी तुकडे बशीत तसेच ठेवले. केक औषधासारखा कडवट लागत होता. मागून एक बाई म्हणाली, "काकूंच्या जागी कुणालाही बसवलं की हे असं होतं!" मयूरीने पिशवीतून वही काढली आणि गुणाकार पुन्हा करून पाहिला. तो बरोबरच होता.

काकू उठल्या. "तिला बोलू नका. तिचं माप बरोबर आहे. बाटली माझी होती. त्यात चौपट अर्क आहे, आणि हे मी तिला आजच नाही, दोन वर्षं सांगितलेलं नाही."

मयूरीने एवढंच विचारलं, "बाटलीवर लिहिलेलं होतं, काकू?"

"होतं. मी खरवडलं."

तात्पर्य: कृती देऊन माप लपवणं हे कृती न देण्यापेक्षा वाईट. न देणारा माणसाला नुसता रिकाम्या हाताने परत पाठवतो. अर्धवट देणारा त्याला चुकायला शिकवतो, आणि ती चूक एक दिवस देणाऱ्याच्याच ताटात येऊन पडते.

ग्रंथालयाचे शिपाई पालशेतकरमामा बशा गोळा करत होते. काकूंची बशी उचलताना ते म्हणाले, "खांबेटेकाकू, पान फाडून पुस्तक परत करणारे आम्ही इथे पुष्कळ बघितले. सगळ्यांना हेच वाटतं, एका पानाने काय होतंय!"